सवाष्ण गलबताचे खिळे

मी भर सभेत त्याचा बोल्ट रिजेक्ट केला, तेव्हा तो माझ्या मागच्याच खुर्चीवर बसला होता. हे मला आधी ठाऊक असतं, तरी मी तेच केलं असतं!

गुरुवार होता. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून आमच्या वाचकमंडळाची बैठकही गुरुवारीच असते, चिंचवडच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. त्या दिवशीचा विषय होता ‘दर्याची चाकरी’वर निघालेला सिनेमा. मराठा आरमारावरची ही सात भागांची कादंबरी बाबांनी मला लहानपणी वाचून दाखवली होती. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, घरात समुद्र कुणी धड पाहिलेला नाही. पण येसबा तांडेल आणि त्याचं ‘सवाष्ण’ नावाचं गलबत म्हणजे आमच्या घरचीच माणसं. त्यांच्याबाबतीत कुणी काही चुकलं, की मला आपल्यालाच कुणी बोलल्यासारखं लागतं.

“शेवटच्या लढाईत तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं,” वासंतीकाकू म्हणाल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका.

“माझ्याही आलं काकू,” मी म्हणाले. “पण त्या पाण्यातूनही मला दिसलं... सुकाणूवर चक्क सहा पैलूंचा बोल्ट! तीनशे वर्षांपूर्वी! येसबाचे खलाशी काय खिशात पाना घेऊन फिरायचे?”

सगळे हसले. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, दिवसभर पार्ट तपासते. माझ्या डोळ्यांतून असलं काही सुटत नाही आणि मला त्याचा माजही आहे.

“तो बोल्ट मी बसवला,” मागून आवाज आला.

मी वळले. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आणि डोळे... रागावलेले नव्हतेच ते. हसत होते!

“ज्ञानेश. भोसरीत सोनबाशेठच्या वर्कशॉपमध्ये असतो,” तो म्हणाला. “सिनेमाचं लोखंडकाम आमच्याकडे होतं. शूटिंगच्या दिवशी सुकाणू निखळलं, हाताशी होता तो बोल्ट लावला. वाटलं, कुणाला दिसणार नाही.”

“मला दिसलं.”

“हो ना,” तो म्हणाला. “आता मलाही नीट दिसतंय.”

वासंतीकाकूंना अचानक खोकला आला.

त्या बैठकीचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि तो फिरत फिरत थेट सिनेमावाल्यांकडे पोचला. दुसऱ्या भागासाठी ते कोकणात किनाऱ्यावर खरंखुरं लाकडी गलबत बांधणार होते. खिळे पुन्हा सोनबाशेठकडूनच घ्यायचे ठरले, पण एका अटीवर. त्या बोल्टवाल्या मुलीने आधी पास करायला हवेत!

मग काय, दर गुरुवारी मी भोसरीला जाऊ लागले. कामासाठीच. निदान घरी तरी तसंच सांगत होते.

ज्ञानेश मूळचा गुहागरकडचा, आजोबा खलाशी. आयटीआय करून तो इकडे आला, आणि येताना बॅगेत कपड्यांच्या खाली कादंबरीचे सातही भाग घेऊन आला. त्यातला चौथा आजोबांचा. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. तो त्याने माझ्यापुढे धरला, तेव्हा घ्यायला माझा हात धजेना.

“घ्या हो. विश्वास आहे माझा.”

“आमच्या कंपनीत विश्वासावर गेटबाहेर काही जात नाही,” मी म्हणाले. डायरीचं पान फाडून त्यावर लिहिलं : ‘रिटर्नेबल गेट पास. वस्तू : भाग चौथा. परतीची तारीख : पुढचा गुरुवार.’ खाली ठसठशीत सही... योगिनी.

त्याने तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. डाव्या.

पुढच्या गुरुवारी पुस्तक परत गेलं. खिळ्यांची पहिली खेपही तयार होती, काळेभोर, चौकोनी, सुबक. मी व्हर्नियर लावून जाडी मोजायला घेतली. एक, दोन, दहा...

“रिजेक्ट,” मी म्हणाले.

“का? केसाचाही फरक नाही!”

“म्हणूनच. हे गलबताचे खिळे आहेत की गाडीचे पार्ट? हाताने ठोकलेले दोन खिळे कधी सारखे असतात का?”

तो खिळ्यांकडे बघत राहिला आणि मग खो खो हसत सुटला. “सवय हो! इतकी वर्षं सगळं मापातच काढलं. चुकायचं कसं तेच विसरलो.”

“मग शिका.”

“शिकवणारी दर गुरुवारी येणार असेल, तर शिकतो की.”

त्याने मशीन बंद ठेवून शेडच्या मागे भट्टी लावली. महिनाभर तो ऐरणीवर एकेक खिळा ठोकत होता. मी बाजूच्या स्टुलावर बसून पाचवा भाग मोठ्याने वाचायची, तो घणाच्या तालात ऐकायचा. येसबा वादळात सापडला की घाव आपोआप जोरात पडायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि मग दुसरी खेप आली.

पेटी उघडली आणि मी एकेक खिळा हातात घेऊन पाहिला. प्रत्येक खिळा वेगळा होता. कुणाचं डोकं जरा कललेलं, कुणाच्या अंगावर घावांच्या खुणा. पण एकही कच्चा दिसला नाही. समुद्राचा वाराही न लागणाऱ्या आमच्या भोसरीत हे घडलं होतं! मला फार अभिमान वाटला.

“पोरी, व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण,” सोनबाशेठ म्हणाले. “पास झालं तर सोमवारी ह्यो पेटीसंगं कोकणात जाणार. आठ म्हैने. गलबताला लोहार पायजे म्हनत्यात.”

माझ्या हातातला खिळा तसाच राहिला.

“तू... तू मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं, तर तू नीट तपासलं असतंस?” ज्ञानेश हळूच म्हणाला.

मला भयंकर राग आला, कारण तो बरोबर होता. मी पेटी स्वतःकडे ओढली आणि सगळे खिळे पुन्हा तपासायला घेतले. या वेळी मला दोष हवा होता. आणि सापडलाच! तळाशी एका खिळ्याच्या डोक्याला बारीक चीर होती. एवढ्यावर मला सगळी खेप परत पाठवता आली असती. ज्ञानेश राहिला असता. कुणी मला काही विचारलंही नसतं.

पण मी कोणत्या तोंडाने बाबांसमोर ती पुस्तकं पुन्हा उघडली असती?

“हा एक बाद,” मी म्हणाले. “बाकी सगळे पास.”

सोनबाशेठ खुशीत फोन करायला बाहेर गेले. चिरलेला खिळा मी पर्समध्ये टाकला.

“तो कशाला?” ज्ञानेशने विचारलं.

“तुझी एक तरी चूक माझ्याजवळ राहू दे.” मी पर्सची चेन लावली. “आवडतोस तू मला. आता जा.”

त्याने खिशातून घडी पडून मऊ झालेला तो कागद काढला, उलटा केला आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवला.

“तुमच्या कंपनीत विश्वासावर गेटबाहेर काही जात नाही ना? मग लिही की.”

मी लिहिलं : ‘रिटर्नेबल गेट पास. वस्तू : ज्ञानेश.’ पुढे हात चालेना. “परतीची तारीख तूच घाल. आठ महिन्यांनंतरची मला लिहवत नाही.”

त्याने पेन घेतलं. अक्षर अगदी मापात होतं.

“सुट्टी कोणत्या वारी हवी, ते मी सिनेमावाल्यांना कालच सांगून टाकलंय,” तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

‘परतीची तारीख : दर गुरुवार.’

मी खाली सही केली. पास.