अहो, गाडी थांबवा

प्रमिला आणि पितांबर पहिल्यांदा भेटले ते भांडूनच. जळगावच्या एका कचेरीच्या पायऱ्यांसमोर त्याची मोटारसायकल आडवी लावलेली होती. लढाईनंतर मिलिटरीने लिलावात काढलेली ती खाकी गाडी, तिला बाजूला तिसऱ्या चाकावर एक टोपलीसारखी बैठक जोडलेली. मालक त्या बैठकीत तंगड्या पसरून केळं खात होता. प्रमिलाने वाट मागितली. तो केळ्याचा घास गिळून म्हणाला, पलीकडूनही वाट आहे की. झालं! रस्ता कोणाच्या बापाचा नसतो यावर तिने त्याला खडे बोल सुनावले, पदर खोचला आणि गाडीला वळसा घालून आत गेली.

राग तिच्या नाकावरच असायचा, हे ती मेहरूणमधल्या ज्या शाळेत शिकवायची तिथल्या मुलींनाही ठाऊक होतं. पण त्या आठवड्यातला राग खरा होता आणि सांगून टाकतो, रास्त होता. साल १९५१. देशातली पहिली निवडणूक तोंडावर आलेली. मतदारांच्या याद्या झाल्या, आणि बायकांच्या रकान्यात काय लिहिलेलं? झिपरूची बायको. नथ्थूची आई. सुकदेवची सून. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं नाही आणि नवऱ्याचं तर जिभेवरही आणायचं नाही, ही बायकांची रीत. विचारायला गेलेले सगळे पुरुष. तेही जे कानावर पडलं ते खरडून मोकळे झाले. आता वरून हुकूम आला होता, बाईचं स्वतःचं नाव असेल तरच ती मतदार, नाहीतर काट मारा.

धुळ्याकडची सातपुड्यातली पाच गावं तेवढी राहिली होती. दोनशे अकरा बायका आणि हातात सहा दिवस. सहाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत यादी धुळ्याला पोचली नाही, तर दोनशे अकराच्या दोनशे अकरा जणींवर काट. तिकडे जायला बाई मिळेना, तेव्हा प्रमिलाने आपण होऊन नाव दिलं. जीप देतो म्हणाले होते. आत गेल्यावर कळलं की जीप साहेब घेऊन गेले. कारकुनाने खिडकीतून बोट दाखवलं ते थेट त्या खाकी गाडीकडे.

पितांबर धुळ्याच्या देवपूरचा. घरी कपाशीची शेती, कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, जीव सगळा त्या गाडीत. कारकुनाच्या कानाशी लागून तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी बाईंना परत आणून सोडतो, बघा." प्रमिलाने ते ऐकलं. तिथल्या तिथे तिने दोन गोष्टी ठरवल्या. सहाही दिवस पुरे करायचे, आणि या माणसाचं नाव काही झालं तरी तोंडाने घ्यायचं नाही.

घरी नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गाडीभोवती एक चक्कर मारली, पितांबरला चार प्रश्न विचारले आणि जा म्हणाले. आई मात्र पुढे सहा दिवस नानांशी बोलली नाही.

एरंडोलपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. ती टोपलीत बसलेली, मांडीवर याद्यांची पत्र्याची पेटी, आणि तो वर, सीटवर. म्हणजे त्याला झापायचं तर मान वर करावी लागायची. याचाही तिला राग आला. मग सुरू झालं. अहो, हळू. अहो, समोर खड्डा आहे. अहो, गाडी थांबवा, पेटी घसरतेय.

"मला नाव आहे, बाई," तो म्हणाला.

"असेल."

"पितांबर."

"मी विचारलं नाही."

तो हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, आणि तिला नेमकी त्याचीच चीड आली.

पहिला मुक्काम देवपूरला त्याच्या अक्काकडे झाला. दुसऱ्या दिवशी तापी ओलांडली, शिरपूर मागे पडलं आणि सातपुडा समोर उभा राहिला. दसरा आठ दिवसांवर. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, कपाशीची बोंडं फुटायला लागलेली. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हताच, बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. ओढा लागला की पितांबर उतरायचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून आधी स्वतः पाण्यातून पलीकडे जायचा, तळाचे धोंडे पायाने चाचपायचा आणि मग गाडी घालायचा. हे तो न सांगता, दर वेळी करायचा. प्रमिला पाहायची, आणि तो आपल्याकडे पाहतोय असं लक्षात आलं की पेटीचं कुलूप तपासायची.

गावांत काम जमत गेलं. ती बायकांच्या चुलीशी बसायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला घ्यायची आणि बोलता बोलता नावं काढून घ्यायची. एका गावी एक चमत्कारिक गोष्ट घडली. पाटलीणबाईंनी आधी पितांबरला वाढलं आणि त्याचं जेवण झाल्यावर त्याच उष्ट्या ताटात प्रमिलाला भाकरी वाढली. प्रमिला संतापली. ताटांची टंचाई असेल म्हणून गप्प राहिली, पण दुसरं ताट मागून घेतलं. पितांबरला तेव्हा जोराचा ठसका लागला आणि तो अंगणात निघून गेला.

तिसऱ्या दिवशी परतीच्या पावसाने घाटात गाठलं. त्याच्याकडे मेणकापड एकच होतं. ते त्याने अंगावरून काढून तिच्याकडे दिलं.

"माझ्यासाठी नको," ती म्हणाली.

"तुमच्यासाठी नाहीच. पेटीसाठी आहे."

पेटी तिच्या मांडीवर, म्हणजे मेणकापड दोघींवर. तो पुढे दोन तास भिजत राहिला, मानेवरून पाणी ओघळत. ओठ निळे पडले तरी शीळ घालायचं थांबला नाही. तिला वाटलं याला म्हणावं, थांबा हो थोडं, आजारी पडाल... पण ती म्हणाली, "आज तिसरा दिवस आहे."

"माहीत आहे," तो पुढे बघतच म्हणाला. "मोजतोय मी. तीनच उरले."

तिने मेणकापडाची कड पेटीवर आणखी ओढून घेतली.

पाचव्या दिवशी दुपारी ते उंबरपाणीला पोचले. घाटमाथ्यावरचं शेवटचं गाव. इथल्या एकोणचाळीस बायका. त्या सगळ्या ओट्यावर येऊन बसल्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. सगळ्यांचे डोळे कौतिकच्या आईकडे. सत्तरीची म्हातारी, दात दोन, आवाज खणखणीत. तिच्या शब्दाबाहेर गावातली एक सून नव्हती. प्रमिलाने तास दीड तास समजावलं. नाव नसेल तर तुम्हाला मत नाही, मत नसेल तर तुम्हाला कोणी विचारणार नाही. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग लिंबाखाली गाडी पुसत बसलेल्या पितांबरकडे हनुवटी केली.

"तू सोता तुना मालकनं नाव लेस नई," ती म्हणाली, "आन आम्हले नावं सांगाले लावस?"

कोणाचा मालक? प्रमिलाला आधी समजेचना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, थांबा. अहो, हळू. अहो, पाणी आणा. पाच दिवस ती रागाने त्याचं नाव टाळत आली होती, आणि नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या या बायकांनी त्याचा एकच अर्थ लावला होता. इथेच नाही, पाचही गावांत. ते उष्टं ताट! आणि तो ठसका!

ती ताडकन उठली. "त्यांचं नाव पितांबर," ती ओरडली. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं, आणि ते माझे कोणीही नाहीत. पण तेवढ्यात ओट्यावर एकच हलकल्लोळ उडाला. नव्या नवरीने नाव घेतलं! टाळ्या काय, हसणं काय, एकमेकींना चिमटे काय. आणि त्या गडबडीत एक तरणीताठी बाई पुढे सरकली. "लिख," ती म्हणाली. "मनं नाव बेबा." तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी.

प्रमिला लिहीत गेली. अडतीस नावं. पुढचं वाक्य मधेही बोलता आलं असतं, शेवटीही आलं असतं. ती बोलली नाही. कौतिकची आई तेवढी नाव न सांगता घरात निघून गेली आणि तो एक रकाना कोरा राहिला.

घाट उतरायला लागल्यावर प्रमिलाच्या रागाचा स्फोट झाला. तुम्हाला पहिल्या गावापासून माहीत होतं, हो ना? हसत होतात तुम्ही. माझी शोभा चालली होती आणि तुम्ही अंगणात जाऊन हसत होतात.

पितांबरने गाडी थांबवली. "नाही म्हटलं असतं तर परक्या पुरुषाबरोबर हिंडणारी पोर म्हणून तुम्हाला ओसरीवरसुद्धा जागा मिळाली नसती."

"ते मी ठरवलं असतं. नाव माझं जात होतं, तुमचं नव्हे. मला विचारलंत?"

"नाही विचारलं," तो म्हणाला. "चुकलो." मग हळूच, "पण... आज तुम्हीही बोलला नाहीत."

हे तिला लागलं. लागायलाच हवं होतं. चार दिवस ती बायकांना सांगत होती की खरं नाव सांगा, आणि स्वतः अडतीस नावं खोट्याच्या जोरावर घेऊन निघाली होती. तिने मांडीवरची पेटी घट्ट धरली. मागे जावं तर बायका चिडतील, नावं मागे घेतील, अख्खं उंबरपाणी यादीतून जाईल. न जावं तर यादी बिनबोभाट पोचेल.

"गाडी फिरवा," ती म्हणाली.

"पेट्रोल धुळ्यापुरतंच आहे."

"फिरवा म्हणते ना!"

त्याने गाडी फिरवली. परतताना उतारावर इंजिन बंद ठेवू, भागेल कसंतरी, एवढंच म्हणाला.

दिवस कलायला आला होता. बायका पुन्हा ओट्यावर जमल्या. प्रमिला बोलणार, तोच पितांबर पुढे झाला. त्याने टोपी काढून हातात धरली आणि त्यांच्या बोलीत सांगितलं, "हाई मनी बायको नई शे. मी गाडीवाला शे. मी पयलेच सांगाले पाहिजे व्हतं." प्रमिला म्हणाली, मीही सांगायला हवं होतं. मला तुमची नावं हवी होती म्हणून गप्प बसले. आता कोणाला आपलं नाव खोडायचं असेल तर हा घ्या टाक. तिने तो खरंच ओट्यावर ठेवला आणि यादी उघडून समोर सरकवली.

बेबा यादीकडे पाहत राहिली, जिथे तिचं नाव होतं तिथे बोट टेकवलं आणि लेक उचलून घरी स्वयंपाकाला निघून गेली. टाकाला कोणी हात लावला नाही. एकेक करून बाकीच्याही सैल झाल्या. तेव्हा कौतिकची आई दारातून बाहेर आली, प्रमिलाच्या समोर मांडी घालून बसली आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली.

"पोरी, एक खरं तं तू सांगं," म्हातारी म्हणाली. "आते दुसरं सांग. हाऊ तुले पाहिजे का नई? सांगशी, तं मी मनं नाव सांगस."

प्रमिलाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सदतीस बायका, एक म्हातारी, आणि तीन हातांवर तो माणूस... हा काय प्रश्न झाला? ही काय जबरदस्ती झाली? तिने रागाने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत असेल असं तिला वाटलं होतं. तो हसत नव्हता. टोपी दोन्ही हातांत पिळत जमिनीकडे पाहत उभा होता, आणि त्याचे कान तिच्यापेक्षा लाल झाले होते. ओढ्याच्या पाण्यात पायाने धोंडे चाचपणारा तो तिला आठवला, आणि मग खोटं बोलणं तिच्याच्याने होईना.

"पाहिजे," ती म्हणाली. "पण मला त्यांचा अजून राग आहे."

"राग तं ऱ्हाईच," म्हातारी म्हणाली. "माले आझून शे. आन म्हतारा मरीसन दहा वरीस व्हयनात."

मग ती थांबली. नाव सांगायचं कबूल केलं होतं, पण ते चटकन येईना. ओठ नुसते हलले. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको, मग कौतिकची माय. साठ वर्षांत त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. सुना पुढे सरकल्या, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

"गोजर," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "गोजर."

प्रमिलाने कोऱ्या रकान्यात लिहिलं. डोळे भरून आल्यामुळे अक्षर वाकडं आलं. मागून पितांबरचा घोगरा आवाज आला, "मलाही... पाहिजे."

"तुले कोनी इचारं?" गोजराबाई म्हणाली, आणि सगळा ओटा हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी पाचला दहा मिनिटं असताना यादी धुळ्याच्या कचेरीत पोचली. दोनशे अकरा नावं, एकही कमी नाही. शेवटचा मैलभर पेट्रोल संपलं म्हणून दोघांनी गाडी ढकलत आणली, आणि त्या मैलभरात प्रमिला त्याला एक अक्षर बोलली नाही असं मात्र कोणी समजू नये.