नुसता उजेड

फोटोकाका नवा कॅमेरा घ्यायला घरून निघाले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आकाश निरभ्र होते आणि रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. हे आधीच सांगितलेले बरे; पुढे जे घडले त्याचा दोष काळोखावर ढकलण्याची सोय कुणाला राहू नये.

तीस वर्षे रिळावर फोटो काढलेला हा माणूस. त्या भागातल्या अर्ध्याअधिक घरांच्या भिंतींवर त्यांच्या हातचे चेहरे होते. आता रीळ मिळेनासे झाले, रंगीत रीळ धुऊन देणारी लॅब बंद पडली, आणि गिऱ्हाईक खिशातला मोबाईल पुढे करून ‘यातलाच मोठा करून द्या’ म्हणू लागले. म्हणून नाइलाजाने डिजिटलकडे वळतो आहे, असे ते सर्वांना सांगत. त्यात खोटे काही नव्हते. पण ते पुरते खरेही नव्हते, आणि ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती: त्यांना आणि देवाला.

दुकानदार जुना स्नेही. एके काळी तोही लग्नकार्यांतले फोटो काढी.

“या, या! आलात शेवटी,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही रीळ उराशी धरूनच वर जाणार.”

“वर जायचं तेव्हा जाऊ. आधी खालचं दाखवा.”

दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे मांडले. “हा वजनदार. आतला सेन्सर तुमच्या रिळाच्या चौकटीएवढा. तुमच्या जुन्या लेन्स वाया जाणार नाहीत. मध्ये एक कडं बसवलं की झालं. फोकस मात्र हातानं करावा लागेल. आणि हा दुसरा. हलका, हुशार. चेहरा स्वतः शोधतो. पडद्यावर पिवळा चौकोन आला की समजायचं, माणूस सापडला.”

“आणि जागा संपली की?”

“संपते कुठली, काका! या नखाएवढ्या कार्डात सोळाशे फोटो मावतात. कुणाला नाही म्हणायलाच नको. नाहीतर आठवतंय ना आपलं? मंडळी मागे लागली, ‘आमचा एक, आमचा एक’, की फ्लॅशच्या पाठीवरचं बारकं बटण दाबायचं. शटर जागचं हलायचं नाही, पण उजेड पडला की लोक खूश. आणि रीळ वाचलं!” तो पोट धरून हसला. “किती जणांना टोप्या घातल्या, देव जाणे.”

“देव जाणतोच,” फोटोकाका म्हणाले. ते हसले नाहीत.

त्यांनी दुसरा कॅमेरा हातात घेतला आणि दुकानदारावर रोखला. पिवळा चौकोन झटकन त्याच्या तोंडावर बसला. त्यांनी कॅमेरा कपाटांवरून फिरवला. चौकोन नाहीसा झाला. मग दाराजवळच्या बाकावरून फिरवला. बाक रिकामा होता. त्याच्या थोडे वर, ठेंगण्या बाईचा चेहरा जिथे यावा तिथे, चौकोन उमटला. तो थरथरला नाही. फोटोकाकांनी कॅमेरा किंचित डावीकडे नेला, तेव्हा तो पडद्यावर उजवीकडे सरकला आणि त्या जागेला धरून राहिला.

“तिथे… कुणी नाही ना?”

दुकानदाराने मान वळवून पाहिले. “कोण असणार? काचेतलं प्रतिबिंब असेल. चुकतात कधी कधी ही यंत्रं. कुठल्याही सावलीला चेहरा समजतात.”

फोटोकाकांनी तो कॅमेरा काचेवर ठेवला. निखाऱ्यावरून हात काढावा तसा काढला. “पहिला द्या. चेहरा शोधणारा नको.”

“बरं. आणि फ्लॅश? तुमचा जुना याच्यावर चढवू नका हं. त्याचा विजेचा दाब फार, कॅमेरा जळेल. नवा देऊ?”

“फ्लॅश नको,” ते म्हणाले. इतक्या घाईने म्हणाले, की दुकानदाराने मान वर करून पाहिले.

*

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी फोटोकाकांनी पंधरा वर्षे कुणाला सांगितली नव्हती.

आईबाप लवकर गेले, तेव्हा मोठ्या बहिणीने त्यांना वाढवले. ती शिलाई करी. लोकांचे कपडे शिवून शिवून तिने त्यांना पहिला कॅमेरा घेऊन दिला. त्या वर्षी स्वतःला तिने नवे कापड घेतले नाही. पुढे तिच्या एकुलत्या मुलीचे लग्न झाले. फोटो अर्थात मामाने काढायचे. संध्याकाळ होत आली, रिळात तीन फोटो उरले, आणि वराकडची बडी माणसे निघायच्या बेतात होती. तेवढ्यात बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. तोंड धुऊन आली होती. दिवसभर ती एकाही फोटोत नव्हती; असलीच तर कडेला, पाठमोरी, वाढणारा एक हात एवढीच.

“बाळा, माझा एक काढ की. एकटीचा.”

ती भिंतीशी उभी राहिली. कानामागचे केस नीट करायला तिने हात वर नेला. फोटोकाकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अंगठा फ्लॅशच्या पाठीवरच्या बटणावर दाबला. उजेड पडला. ती प्रसन्नपणे आत गेली. उरलेले तीन फोटो बड्या माणसांना मिळाले.

त्यांच्या पिशवीत एक कोरे रीळ होते. ते बदलायला दोन मिनिटे लागली असती.

“माझा फोटो आला का रे?” असे तिने नंतर दोनदा विचारले. दोन्ही वेळा ते “येईल” म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. चार वर्षांपूर्वी ती अचानक गेली, तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो घरात निघाला नाही. फोटोवाल्याची बहीण! लोक हळहळले. भाची मात्र निर्धास्त होती. “मामानं माझ्या लग्नात काढलाय की आईचा. मी समोरच होते. उजेड पडलेला मी पाहिलाय. निगेटिव्ह शोधू.”

तेव्हापासून ती शोधूया म्हणत होती आणि ते टाळत होते. गेल्या आठवड्यात त्यांनी तीस वर्षांच्या निगेटिव्हची सारी खोकी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. भंगारवाल्याने एक पट्टी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, “एवढी माणसं देऊन टाकताय, साहेब?” त्यांनी पुढचे खोके उचलून दिले. डिजिटलचे निमित्त चांगले होते. जिथे निगेटिव्हच उरल्या नाहीत, तिथे कुठली नव्हती हे कोण विचारणार?

*

दुपारी तीनला भाची स्टुडिओत आली. खिडक्यांवर काळे पडदे होते आणि दोन मोठे दिवे लावलेले होते. रसायनांचा आंबूस वास भिंतींत मुरलेला होता. डार्करूम बंद करून महिना झाला तरी तो गेला नव्हता.

“नवा कॅमेरा घेतलास आणि मला फोन नाही? ते काही नाही, पहिला फोटो माझा.” ती स्टुलावर बसली. “आणि मामा, रविवारी मी मोकळी आहे. खोकी काढू. एकेक पट्टी बघू. नाही म्हणायचं नाही.”

“खोकी गेली,” ते म्हणाले.

“गेली म्हणजे?”

“ओल लागली होती. सगळं चिकटलं होतं. भंगारात दिलं.”

तिने मांडीवरची ओढणी सारखी केली. तिने आकांत केला असता तर त्यांना सोसणे सोपे गेले असते. ती एवढेच म्हणाली, “तू तरी काय करणार? शोधलं असशीलच तू. काढ फोटो.”

त्या ‘शोधलं असशीलच’ने त्यांची मान खाली गेली. त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, जुन्या लेन्सचे कडे फिरवून फोकस केला, आणि चार फोटो काढले. मग पाठीवरचा पडदा पाहिला.

पहिल्या फोटोत भाची समोर पाहत होती. दुसऱ्यात तिची नजर थोडी डावीकडे होती. तिसऱ्यात आणखी डावीकडे, आणि वर. बसलेला माणूस शेजारी येऊन उभे राहिलेल्या माणसाकडे पाहतो तशी.

“इकडेतिकडे का बघत होतीस?”

“मी? मी तुझ्याकडेच बघत होते.”

त्यांनी चौथा फोटो पडद्यावर आणला.

स्टुडिओतल्या दिव्यांपुढे पांढरे कापड ताणलेले असे. त्या उजेडाची सावली मऊ पडते, तिच्या कडा विरघळलेल्या असतात. भाचीमागे तशी सावली होतीच. पण तिच्या शेजारी आणखी एक सावली होती. ती काळी आणि कातरीने कापल्यासारखी धारदार होती. अशी सावली फक्त फ्लॅशची पडते, आणि त्या खोलीत फ्लॅश नव्हता. सावली एका ठेंगण्या बाईची होती. तिचा एक हात कानाशी वर गेलेला होता. ती जिची असावी, ती बाई फोटोत कुठेच नव्हती.

फोटोकाकांना वास आला. रसायनांचा नव्हे, शिलाई मशीनच्या तेलाचा.

“काय झालं?” भाचीने विचारले. “बघू?”

“काही नाही… उजेड चुकला.”

त्यांचा अंगठा फोटो पुसण्याच्या बटणावर जाऊन टेकला होता. एकदा दाबायचे, की संपले. आता त्यांना कुणी पकडू शकत नव्हते. खोकी गेली होती, बहीण गेली होती, भाचीने विश्वास ठेवला होता. पंधरा वर्षे ज्या सुरक्षिततेसाठी ते धडपडले, ती या क्षणी पुरती हाती आली होती. त्यांनी अंगठ्याकडे पाहिले. तोच अंगठा, तशाच एका बारक्या बटणावर. माणसाला लाज कधी वाटावी हे त्याच्या हाती नसते. देव त्याची वेळ निवडतो, आणि ती बहुधा सोयीची नसते.

त्यांनी अंगठा उचलला.

“ताईचा फोटो मी काढलाच नव्हता.”

“काय?”

“तुझ्या लग्नात. रिळात तीनच उरले होते. मी नुसतं फ्लॅशचं बटण दाबलं.”

“पण उजेड पडला होता, मामा. मी पाहिला.”

“उजेडच पडला होता. नुसता उजेड.”

भाची स्टुलावर पुढे झुकली.

“पिशवीत दुसरं रीळ नव्हतं?” तिने विचारले.

इथे एक खोटे बोलता आले असते. ते लहान होते, आणि क्षम्य वाटले असते.

“होतं,” ते म्हणाले. “खोक्यांना ओलही लागली नव्हती.”

त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून त्याचा पडदा तिच्यापुढे धरला. भाचीने ती सावली पाहिली. ती दचकली नाही, किंचाळली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू निवळत गेला, आणि त्याच्या जागी जे आले ते पाहून फोटोकाकांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. तिच्या चेहऱ्यावर ओळख होती.

ती उठली आणि स्टूल सोडून दिव्यामागे जाऊन उभी राहिली.

“मग आता काढ.”

“कुणाचा?”

“जिचा राहिलाय तिचा.”

“अगं… तिथे कोण आहे?”

“तेव्हा तरी तू कुठे बघितलं होतंस, कोण आहे ते?” ती शांतपणे म्हणाली. “काढ, मामा.”

नाही म्हणण्याचा अधिकार त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच गमावला होता. त्यांनी रिकाम्या स्टुलावर कॅमेरा रोखला आणि लेन्सचे कडे फिरवू लागले. मागची भिंत स्पष्ट झाली. कडे आणखी फिरवले, तशी भिंत अंधुक झाली आणि पुढे नुसती हवा राहिली. माणसाचे डोळे फोकसमध्ये येतात तेव्हा बोटांना आधी कळते, डोळ्याला मागून. तीस वर्षांच्या सवयीने कळते. एका ठिकाणी त्यांची बोटे आपोआप थांबली. तिथे काहीच नव्हते. बोटे मात्र तिथून पुढे जायला तयार नव्हती.

त्यांनी बटण दाबले. शटर वाजले. उजेड पडला नाही.

पडद्यावर रिकामे स्टूल होते. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, कोपरा न् कोपरा पाहिला. भिंत, स्टूल, स्टुलावरची चेपलेली गादी. सावलीसुद्धा नव्हती. त्यांना सुटल्यासारखे वाटले, आणि सुटल्यासारखे वाटले याचीच पुन्हा लाज वाटली.

“बघ,” ते म्हणाले. “कुणी नाही. मला… मला क्षमा कर.”

भाचीने कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. ती पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि ओठांवर हसू उमटले. ओढणीच्या टोकाने तिने पडद्यावरची धूळ अलगद टिपली.

“चांगला आलाय,” ती म्हणाली. “फक्त डोळे मिटलेत. परत काढ.”

“कुणाचे डोळे? मला तर स्टुलाशिवाय…”

तिने कॅमेरा त्यांच्या हातात परत ठेवला. त्यांनी तो डोळ्याला लावला तेव्हा ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती. ती स्टुलाकडे वळली होती आणि हलक्या आवाजात, समजूत घालावी तशी सांगत होती,

“उठू नकोस गं आई. बस जरा. या वेळी मामा खरंच काढतोय.”