आठवा नट

दार लावून घ्या आधी. आणि मधे हसायचं नाही, सांगून ठेवतो. ऐकीव नाही ही गोष्ट, माझ्या सख्ख्या साडूची आहे.

साडूची शाळेच्या पोरांची व्हॅन. मागचा अ‍ॅक्सल गेला. नवा घ्यायचा तर अंगावरचे कपडे विकावे लागतील, म्हणून गेला भंगारात. तिथे एक बरा मिळाला. "कुठल्या गाडीचा हो?" साडूनं विचारलं. भंगारवाला म्हणतो, "नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि भंगाराची गाडी विचारू नये!"

रविवार, चौदा डिसेंबर. दिवसभर खपून साडूनं तो डिझेलनं धुतला, बेअरिंगं बदलली, सील बदलले. नटांवर पिवळ्या रंगाच्या रेघा होत्या. काही मिस्त्री नट आवळला की त्यावर रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली, तर नट ढिला झाला म्हणून समजायचं. साडूनं तारेच्या ब्रशनं सगळ्या खरवडल्या. "माझा हात हाच माझा काटा," म्हणाला. मोठा शहाणा!

स्प्रिंगच्या पाट्यांना अ‍ॅक्सल धरून ठेवणारे नट आठ. सात आवळले, आठवा बोटानं फिरवून ठेवला, तेवढ्यात बायकोची हाक आली, "अहो, ताट वाढलंय, गार होतंय!" हा उठला, शेडला कुलूप लावलं, जेवला आणि झोपला. सकाळी सहाला पोरं न्यायची होती. त्यात त्याची नातही, मागच्या बाकावर बसणारी.

रात्री एक चाळीसला जाग आली. शेडमधून आवाज.

टक… टक…

बॅटरी घेऊन गेला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. आवाज थांबला.

"कोण आहे रे?"

…

गाडीखालून एक हात बाहेर आला. तळवा वर. काळा, तेलकट. मिस्त्री पाना मागतो ना, तसा.

आता बघा, गाड्यांच्या कामातली चाळीस वर्षांची सवय. साडूनं टेबलावरचा एकोणीस नंबरचा पाना उचलला… आणि त्या हातावर ठेवला.

बोटं मिटली. थंडगार.

मग मात्र तो पळाला. घरात येऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं. रात्रभर एकच विचार पोखरत होता. तो नट आवळतोय… की सोडवतोय? आणि सकाळी माझी नात…

साडेपाचला बायकोला सोबत घेऊनच शेडमध्ये गेला. पाना पुसून जागेवर ठेवलेला. गाडीखाली शिरून नट तपासू लागला. सात नट ठीक होते. आठव्याला हात लावला आणि तेव्हा आठवलं, अरे देवा, हा आपण आवळलाच नव्हता! पण नट दगडासारखा घट्ट. वर पिवळी रेघ, ओली. आणि घरात पिवळ्या रंगाचा थेंब नाही.

साडू गाडीखालीच रडला. "मीच मारलं असतं रे तिला," मला म्हणाला.

उद्या येतोय तो इथे. काही विचारू नका. फक्त उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख बघा. त्याच बोटानं त्यानं ती ओली रेघ चाचपली होती. रॉकेल लावून झालं, डिझेल लावून झालं. नख वाढतं, तो कापतो, पुन्हा वाढतं…

पिवळंच येतं.