ताऱ्याची तीट

धूळ! माझ्या गाइडनी, भालचंद्र सरांनी, माझ्या ग्रहाला सरळ धूळ म्हटलं. डोक्यात तिडीकच गेली. पुण्यात एसीत बसून फोनवर सांगतात, "ओवी, तो ठिपका लेखातून काढून टाक. उगाच हसं होईल आपलं." आपलं कसलं, त्यांचं! ठिपका मी शोधला होता, इथं चिखलीत, घडीघडी लाइट जाणाऱ्या घरात बसून.

आई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. मी तिथंच फतकल मारून बसले होते. उन्हात लॅपटॉप दिसेना म्हणून ओढणी डोक्यावरून पुढं ओढली होती.

"काऊन तणतण करून राह्यली वं?"

तिला फोटो दाखवला. अंतराळातल्या दुर्बिणीनं काढलेला, एका दूरच्या ताऱ्याचा. ताऱ्याच्या झगमगाटात शेजारचा बारका ग्रह दिसत नाही. म्हणून दुर्बिणीत एका बारीक दांडीवर काळी टिकली असते, ती बरोबर ताऱ्यावर धरायची. मग दुर्बीण जागच्या जागी थोडी वळवून त्याच ताऱ्याचा दुसरा फोटो घ्यायचा. त्याशिवाय खरं काय न धूळ काय ते कळत नाही. दांडी न धूळ दुर्बिणीबरोबर वळतात. माझा ठिपका आकाशात होता तिथंच राहिला. मग डोळे फुटले का यांचे?

"म्हंजे ताऱ्याले तीट लावता तुम्ही," आई म्हणाली.

"हाव, तसंच."

"अवं माय, तीट नजर लागू नये म्हणून लावतेत. तुम्ही तं नजर लावाले लावून राह्यले! तिकडच्यायले कसं वाटत असन?"

"तिकडं कोणी नाही, आई!" सरांचा राग तिच्यावर निघाला.

ती परत कुरडया घालू लागली. मी सरांना ठणकावून लिहिलं, ठिपका काढायचा तर माझं नावही काढा. पाठवणार, तेवढ्यात ऊन गेलं.

वर ढगाचा मागमूस नव्हता. शेजारच्या केसरबाईंचे पत्रे उन्हात लखलखत होते. सावली फक्त आमच्या गच्चीवर होती. परातीसारखी गोल, बरोबर माझ्याभोवती. तिच्यातून एक बारीक काळी रेघ निघून सरळ पाण्याच्या टाकीकडं गेली होती.

मी जिन्याकडं सरकले. सावलीही सरकली.

चिमण्या गप्प झाल्या होत्या.

मग ऊन परत आलं.

"घार असन," आई म्हणाली. तिनं डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्या गालावर तीट लावली.

खरं सांगते, भीती मागून वाटली. आधी रागच आला. म्हणा आता धूळ! म्हणा ना!

पुन्हा सावली पडली.

तेवढीच गोल, बरोबर माझ्यावर. फक्त ती बारीक रेघ आता टाकीकडं नव्हती. थोडी वळली होती.