सातव्या आऱ्याची जाडी

"मीटर बिघडलेलं नाही. चाक हललंय."

आवाज खालून आला. शिडीच्या नवव्या पायरीवर उभ्या असलेल्या तिने आधी हातातल्या मीटरकडे बघितलं, मग खाली. खाली एक माणूस उभा होता. एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्यात फडकं, आणि चेहऱ्यावर गुन्हा कबूल करायला आल्यासारखा भाव.

"काय हललंय?"

"आकाशपाळणा. पाव फेरी. दर सोमवारी संध्याकाळी मी तो हाताने फिरवतो. वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहिला, तर बेअरिंगला खळगे पडतात."

ती तपासनीस होती. जुन्या लोखंडाची जाडी मोजायची आणि ते अजून किती भार पेलेल ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. एकदा मोजलेल्या आकड्यावर तिचा विश्वास नसे. तीच जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची, ही तिची शिस्त. काल, सोमवारी, तिने आकाशपाळण्याच्या सोळा आऱ्यांपैकी खालच्या चार आऱ्यांवर खडूने नंबर घातले आणि मोजमाप घेतलं. आज खडू दिसेना. दवाने गेला असेल म्हणून तिने पुन्हा नंबर घातले, पुन्हा मोजलं... आणि कालचा एकही आकडा आजच्याशी जुळेना. अर्धा तास ती मीटरला बोल लावत होती. मोठ्याने.

"आणि माझे खडूचे नंबर?"

"ते तुमचे होते?" त्याने जीभ चावली. "मला वाटलं, पोरं भिंतीवरून उडी मारून आली. पुसले मी."

"सगळे?"

"अगदी स्वच्छ. ओल्या फडक्याने."

रागवायला तिने तोंड उघडलं खरं, पण बाहेर आलं ते हसू. शिडी थरथरली. त्याने फडकं टाकून दोन्ही हातांनी ती धरली.

"हसा, पण उतरून हसा," तो म्हणाला.

उद्यान बंद होऊन चार वर्षं झाली होती. हमरस्त्यालगत मोठं, नवं उद्यान झालं आणि इथली गर्दी तिकडे वळली. मालकाने सगळ्यांना निरोप दिला. ठेवले दोघेच : फाटकावर चौकीदारकाका, आणि आत हा मेकॅनिक. सगळं विकलं जाईपर्यंत त्याने सांभाळायचं, एवढंच ठरलं होतं. त्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं. चौकीदारकाका त्याला 'चाकोबा' म्हणत आणि त्यालाही ते नाव मानवलं होतं.

सोळा आरे, प्रत्येक दोनदा, वेगवेगळ्या दिवशी. रोज चार. म्हणजे आठ दिवसांचं काम. तो रोज सकाळी चाकाच्या कडेला लोंबकळून ते फिरवून द्यायचा आणि शिडी धरून उभा राहायचा.

"शिडी खांबालाही बांधता येते," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"येते की."

"मग?"

"दोर सापडत नाहीये." दोर त्याच्या खांद्यावर होता.

दुपारी ते टक्कर गाड्यांच्या मांडवात डबा खात. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली यायचे. ती एका लाल गाडीत, तो समोरच्या निळ्या गाडीत.

"एका गाडीत दोघं मावतात," तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला.

"मावतात. पण मग टक्कर कोणाला द्यायची?"

तिला वाटलं, जास्तच बोललो का आपण... मग त्याने पायाने रेटा देऊन आपली गाडी हळूच पुढे ढकलली. रबराला रबर टेकलं. तेवढंच. पण त्या दुपारी तिने एका आऱ्याची जाडी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा लिहायला विसरली.

एकदा त्याने तिला बाकीचं उद्यान दाखवलं. लाकडी घोड्यांचं चक्र, ज्यातल्या प्रत्येक घोड्याचे डोळे त्याने नव्याने रंगवले होते. पाण्याची घसरगुंडी, तिच्यात आता वाळकी पानं. आणि आरसेघर. ती त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच होती. एका वाकड्या आरशासमोर मात्र तो ताडासारखा लांबला आणि ती शेजारी बुटकी झाली.

"इथे दुपारभर थांबू या," तो म्हणाला. "बाहेर गेलं की मान वर करावी लागते मला."

"दुखते का?"

"नाही. सवय होतेय... तीच काळजी आहे."

ती आरशाकडेच बघत राहिली. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

काळजीचं कारण तिलाही ठाऊक होतं. सहा तासांच्या प्रवासावर, तळ्याकाठच्या एका बागेला हा आकाशपाळणा हवा होता. अट एकच : तपासनिसाचा दाखला. आणि सोबत मेकॅनिकही हवा होता. चाक पास झालं, तर चाकाबरोबर चाकोबाही जाणार. नापास झालं, तर भंगारवाला कटर घेऊन येणार आणि चाकोबाला याच गावात दुसरं काम शोधावं लागणार.

याच गावात... आठ दिवसांत हे दोन शब्द तिच्या डोक्यात किती वेळा घोळले, ते तिने मोजलं नाही.

पंधरा आरे ठणठणीत होते. प्रश्न सातव्याचा होता. जाडी चार मिलिमीटरच्या खाली गेली की नापास. सातवा पहिल्यांदा भरला चार पॉईंट एक. दुसऱ्यांदाही चार पॉईंट एक.

"काठावर पास," घरी ती ताईला म्हणाली.

ताई चादरीच्या घड्या घालत होती. "मग तोंड का असं? पास झालं ना?"

"हो."

"आणि तो जाणार."

"कोण तो?"

"अगं, आठ दिवस झाले, घरात येतेस ती ग्रीसचा वास घेऊन, आणि मला विचारतेस कोण तो!" ताईने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. "मग तीन पॉईंट नऊ लिही. कोण जाणार आहे पुन्हा मोजायला?"

"मी जाईन ना."

ताई हसत सुटली. "तू ना, लग्नातसुद्धा सात पावलं फूटपट्टीने मोजशील!"

तिला हसू आलं नाही. रात्रभर नाही, पण झोप लागेपर्यंत तिने विचार केला. तो चार वर्षं रोज ज्याला जपत आला, त्याचे तुकडे करायचे, तेही तो आपल्याजवळ राहावा म्हणून? आणि मग त्याच्यासमोर बसून डबा खायचा? घास उतरला नसता.

शेवटच्या दिवशी तिने रिपोर्ट लिहिला आणि तिकीट खिडकीच्या पायरीवर बसलेल्या त्याच्या हातात ठेवला.

"पास," ती म्हणाली.

त्याचा चेहरा आधी उजळला. मग हळूहळू, उन्हावर ढग सरकावा तसा, बदलला. "नापास झालं असतं, तर मी चार दिवस जेवलो नसतो," तो म्हणाला. "आता पास झालंय, तरी तेच होणार बहुतेक."

"वाचा तर पूर्ण."

तो वाचू लागला. ओळीवर ठेवलेलं बोट शेवटी एका जागी थांबलं. "सातवा आरा दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. त्याच मीटरने... त्याच तपासनिसाने." त्याने मान वर केली. "त्याच का?"

"आकड्यांची तुलना करायची, तर हात एकच असलेला बरा. शास्त्र आहे ते."

"सगळ्या रिपोर्टांत लिहिता असं?"

तिचे कान तापले. फाटकावरचे चौकीदारकाका खुर्ची ओढून उगाचच जवळ येऊन बसले होते. शास्त्राच्या आड लपता आलं असतं... पण खोटा आकडा आपण लिहिला नाही, मग खोटं बोलायचं तरी कशाला?

"नाही," ती म्हणाली. "तीन महिन्यांची अट लोखंडासाठी. 'त्याच तपासनिसाने' हे... माझ्यासाठी लिहिलं. मला तुम्हाला भेटायचं असतं. रोज."

काका खोकले. तो मात्र कागदाकडेच बघत होता, जणू ते वाक्य तिथे छापून आलं होतं.

"तीन महिने फार होतात," तो म्हणाला. "लोखंडाला चालेल. माणसाला तेवढ्यात गंज चढतो. बदला ना तेवढं."

"रिपोर्टात खाडाखोड चालत नाही." तिने कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि नीट घडी घातली. "बाकीच्या दिवसांचं रिपोर्टाबाहेर बोलू."

तो पायरीवर सरकला. एका माणसापुरती जागा झाली. ती बसली, आणि दोघांनी भेटीचे दिवस ठरवायला रविवारपासून सुरुवात केली.