ड्यूकच्या खिडकीतली रेघ

कोबीच्या वाफ्यात कोणीतरी खुंटी ठोकत होतं.

रोझिना बदकं हाकत ओढ्याकडून आली तेव्हा पावसाची भुरभुर पडत होती, आणि एक परका तरुण चिखलात उभा राहून तिच्या कोबीवरून दोरी ताणत होता. तिने मुकाट्याने खुंटी उपटली आणि त्याच्या हातात ठेवली.

"हे पीक आमच्याकडे येत नाही," ती म्हणाली.

"ड्यूकसाहेबांनीच पेरायला सांगितलंय." तो हसला. "पण तुम्ही उपटणार असाल... तर उद्याही यावं लागेल मला."

"मग उद्याही उपटेन."

तो येत राहिला, ती उपटत राहिली. त्याचं नाव आन्सेल्म. महालाच्या वास्तुकाराच्या हाताखाली तो नकाशे काढायचा. खुंट्यांचा अर्थ त्याने सांगितला, तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं. सकाळी शयनगृहाचे पडदे सरकले की ड्यूकला थेट क्षितिजापर्यंत एक सरळ वाट दिसायला हवी होती. मधे कालवा, दुतर्फा कातरलेली झाडं. पाहुण्या राजांनी ती खिडकीतून बघावी आणि समजून जावं, की नजर पोचते तिथवर सगळं याच्याच हुकमात आहे. त्या वाटेच्या अगदी कडेला रोझिनाची पाणचक्की येत होती. तिचे बाबा, म्हातारे फाइट, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. चक्की तीच चालवायची.

"थोडी वाकडी काढा ना रेघ," ती म्हणाली.

"ती रेघ नाही, ड्यूकसाहेबांची नजर आहे. ती वाकत नाही."

"आणि तुमची?"

तो दोरी गुंडाळत राहिला. कान मात्र लाल झाले होते. "माझी केव्हाच वाकलीय," तो म्हणाला.

आणि त्याने खरंच वाकवली. नकाशात झाडांची रांग जराशी अलीकडे ओढली, रानातून उंच झाडं मुळांसकट आणवली आणि चक्कीपुढे त्यांची दाट भिंत उभी केली. ड्यूकने खिडकीतून पाहिलं, मान डोलावली. चक्की वाचली. फक्त एक गोष्ट आन्सेल्मने तिला बजावली — दिवसाउजेडी चूल पेटवायची नाही. झाडांवर धूर दिसला, की सगळं संपलं.

हिवाळा आला. रोझिना पहाटेच्या अंधारात सूप शिजवून घ्यायची, मग दिवसभर थंडगार चूल आणि शिळा पाव. दिवस कलला की आन्सेल्म यायचा, कोटाच्या खिशात भाजलेली चेस्टनटं घेऊन. चार बाबांना द्यायचा, उरलेली तिच्या तळहातांत ठेवून वरून आपले हात मिटायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. ओढा गोठला, चक्कीचं चाक थांबलं. बाबांचा खोकला मात्र थांबेना.

एका दुपारी बाबांचे ओठ निळे पडले. "मला कुठे थंडी वाजतेय गं," ते म्हणाले, आणि त्यांचे दात वाजत होते. रोझिना क्षणभर दाराशी उभी राहिली. झाडांच्या भिंतीकडे बघितलं. मग तिने लाकडं रचली आणि चूल पेटवली. चांगली धडधडून पेटवली. बाबांची खाट ओढून जाळापाशी नेली. कितीतरी दिवसांनी ते पाय पसरून झोपले.

धूर सरळ वर गेला. संध्याकाळच्या आत शिपाई दारात आले.

वास्तुकाराने हात झटकले. आन्सेल्मने सगळं आपल्यावर घेतलं, तेव्हा त्याला संस्थान सोडून जायचा हुकूम झाला. चक्की पाडायची तारीख ठरली, पण बाबा तोवर थांबले नाहीत. उबेतच गेले, झोपेत. ड्यूकच्या कारभाऱ्याने आन्सेल्मला बाबांना पुरेपर्यंत थांबायची सवड दिली, तेवढंच.

मातीवर बर्फ भुरभुरत होता. पाद्री निघून गेला तशी रोझिना म्हणाली, "मीच पेटवली चूल. तुझं सगळं गेलं माझ्यापायी."

"मला महालाच्या गच्चीवरून दिसला तो धूर," आन्सेल्म म्हणाला. "भीती वाटायच्या आधी... बरं वाटलं. म्हटलं, आज तिला ऊब आहे." त्याने टोपी हातात चुरगाळली. "रोझिना, ना घर आहे माझ्याजवळ, ना नोकरी. तरी विचारतो. माझी होशील?"

"आज नको विचारूस रे."

"मग कधी विचारू?"

मागे चक्कीच्या छपरावर पहिले घण पडू लागले होते. तिने वळून पाहिलं नाही.

"रोज विचार," ती म्हणाली. "ज्या दिवशी रडू येणार नाही... त्या दिवशी हो म्हणेन."

दोघं सरहद्दीच्या रस्त्याला लागली. पुलावर त्याने अगदी हलक्या आवाजात पुन्हा विचारलं, आणि तिला हुंदका फुटला. त्याने तिच्या खांद्यावरचं गाठोडं काढून आपल्या खांद्यावर घेतलं. तिने त्याची बाही धरली. तशीच, बाही धरून, ती त्याच्याबरोबर चालत राहिली.