दुसरी काठी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलेली आहे. आणि दाजी थापा मारणाऱ्यांतले नाहीत. त्यांच्याकडे तेवढा धीरच नाही!

दाजी महामार्गाच्या रुंदीकरणावर झेंडेवाले आहेत. डोंगराच्या वळणावर अर्धा रस्ता खणून ठेवलाय. उरलेल्या अर्ध्यातून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. या टोकाला दाजी, त्या टोकाला त्यांचा जोडीदार; झुपकेदार मिशांमुळे त्याला सगळे 'मिशा'च म्हणतात. मध्ये डोंगर, त्यामुळे एकमेकांना दिसत नाहीत. वॉकीटॉकी तर पहिल्याच आठवड्यात बंद पडलेला.

म्हणून एक लाल काठी. मिशाने आपल्या बाजूच्या गाड्या सोडल्या की शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात ती द्यायची. तो ती या टोकाला दाजींना देणार. काठी आली, म्हणजे आत कोणी नाही. मग दाजींनी आपली रांग सोडायची आणि शेवटच्या गाडीबरोबर काठी मिशाकडे परत पाठवायची.

काठी एकच. दुसरी नाहीच.

त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. दाजी आधीच वैतागलेले. नव्या वॉकीटॉकीसाठी मुकादमाच्या मागे लागून त्यांच्या नाकी नऊ आले होते. त्यात रांगेत पहिली उभी होती कामगारांनी भरलेली बस, आणि तिचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

तेवढ्यात धुक्यातून एक करडी गाडी आली...

एकटीच.

इंजिनाचा आवाज नाही. टायरखाली खडीसुद्धा वाजली नाही.

काच थोडी खाली झाली. एक हात बाहेर आला. हातात काठी.

दाजींनी ती घेतली. थंडीचे दिवस होते, पण काठी त्याहून गार होती.

"तुमचीच शेवटची ना?" त्यांनी विचारलं.

काच वर गेली. गाडी पुढे सरकली.

दाजींनी हिरवा झेंडा उचलला...

आणि बसवाला खेकसला, "ओ झेंडेवाले, झोपलात का? हलवा की हात!"

झालं! दाजींचं टाळकं सटकलं. झेंडा काखेत मारून ते तरातरा बसकडे गेले.

"मला शिकवतोस? आता तर सोडतच नाही. बस बोंबलत!"

दोघांची चांगलीच जुंपली. मागच्या गाड्यांनीही हॉर्नचा कहर केला.

आणि बोलता बोलता बसवाला थांबला...

तो दाजींच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

वळणावरून दिवे येत होते. खडीने भरलेला ट्रक. त्याच्यामागे आणखी एक. मग जीप. सगळे उतारावरून सुसाट.

बस आत गेली असती तर?

सर्वांत शेवटी एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याने खिडकीतून हात काढला.

"घ्या हो काठी. मिशीवाल्यांनी दिलीय."

दाजींच्या एका हातात काठी होतीच.

तोच लाल रंग. टोकाला तीच चीर. चिरेवर दाजींनी स्वतः गुंडाळलेली तीच तार...

नंतर विचारलं तेव्हा कळलं, करडी गाडी मिशाने सोडलीच नव्हती. दाजींच्या रांगेतल्याही कोणी ती पाहिली नव्हती.

"तुम्ही रिकाम्या रस्त्याकडे हात केला होतात," बसवाला हळूच म्हणाला. "मला वाटलं, डुलकी लागली."

दाजी मुकादमाकडे गेले. तो त्यांच्यावरच उखडला.

"दुसरी काठी करायला कोणी सांगितलं होतं? असल्या उद्योगांनी माणसं मरतील!"

त्याने दोन्ही हिसकावल्या. एक डांबराच्या भट्टीखालच्या जाळात फेकली, एक परत दिली.

"साहेब, जाळली कोणती?"

"मला काय ठाऊक? दोन्ही सारख्याच. जा कामाला!"

त्या दिवशी दाजी घरी येऊन रडले. भीतीने नाही, संतापाने. सांगायचं तरी कोणाला?

ताई म्हणते, सोडा ती नोकरी. दाजी म्हणतात, "मी सोडली तर नवा माणूस येईल. काठी हातात आली की तो लगेच गाड्या सोडेल."

म्हणून हल्ली काठी आली तरी ते थांबतात. वळणाकडे बघत राहतात. लोक शिव्या देतात, तक्रारी करतात. मुकादमाने कामावरून काढायची धमकी दिलीय. पण किती थांबलं म्हणजे पुरे, हे कोण सांगणार?

परवा मी त्यांना फोन केला. मागे हॉर्न कोकलत होते.

"काठी आली नाही का, दाजी?"

"आलीय रे. मघाशीच आलीय."

"मग सोडा की गाड्या."



"हातात आहे रे," ते म्हणाले. "पण दिली कोणी, तेच आठवत नाही."